अर्थ लागला का?

मिरजेच्या नादशाळेत, आपल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात, शमीम शिकलगारचं सकाळपासून कशातच मन लागत नव्हतं. टेबलावर उताणा पडलेला बास गिटार गुणगुणत होता. कान दिला की शब्दच वाटावेत, आणि पकडायला जावं तर निसटावेत.

दुखणं तिनं कधीच ओळखलं होतं. तारांवर हात ठेवला आणि गुणगुण थांबली, तर अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडणारी, वायर शाबूत. थांबली नाही, तर तुटलेली. इथं थांबली नव्हती. मागची पट्टी काढली, तर घोडीखालून आलेल्या वायरीचा डाख, कथिलाचा सांधा, निखळलेला. वडिलांची सवय तिच्यात उतरली होती: वाद्य उघडलं की त्यावर वाकून, वैदूनं नाडीला विचारावं तसं ती विचारायची, “काय, अर्थ लागला का?” तसं तिनं विचारलंही. मग पुन्हा कान दिला, शब्दांचा भास झाला, आणि डाख न देताच तिनं बासच्या मालकिणीला फोन लावला.

डॉ. निवेदिता केळुसकर दुपारी आली ती धापा टाकतच. तारांचा कंप टिपणारा नादग्राहक, गिटारवाल्यांच्या बोलीत पिकअप, त्यातलं स्मरणचुंबक तिनंच आपल्या प्रयोगशाळेत घडवलं होतं. बास तिच्या भावाचा.

“डाख दिला नाहीत ना, आपा?”

“दिला असता तर फोन कशाला केला असता? बसा की, पाणी तरी घ्या.”

“नको.” ती बसलीच नाही. “श्रीरंगदादा गेल्या महिन्यात गेला. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. जाण्याआधी त्यानं निरोप धाडला: तुझ्यासाठी ओवी बांधलीय, बासात ठेवलीय. दुसऱ्या ओळीत माफी आहे. कुणी कुणाची मागायची, ते तूच ऐक.”

“बासात ओवी ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे?”

निवेदिता पहिल्यांदा हसली. “आहेच म्हणा ना. साधं चुंबक आवाज विसरतं, हे धरून ठेवतं. अर्थ जोडलेला असला, की आठवण जमिनीत निचरून जाते. तुटला, की साचते. वायर दादानंच तोडली असणार.”

“किती साचते? वर्षाची?”

“छे, पाव मिनिटाची. पाटी असते ती. बासावर ओणवं होऊन कुणी नवं बोललं, की जुन्याच्या शेवटाकडची अक्षरं पुसून तिथं ते चढतं. लांबचं बोलणं चढत नाही.”

शमीमला सकाळी बासावर वाकून विचारलेलं आठवलं.

“आवाज ओळखू येतो?” तिनं हळूच विचारलं.

“नाही. बासच्या जाड वेटोळ्यातून बाई-बाप्या सगळे एकाच सुरात घुमतात.”

निवेदितानं सोबत आणलेल्या यंत्राच्या पेटीतून बासात उलटा प्रवाह सोडला. खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला:

“बहिणी तुझ्या दारावरनं । मुका गेला बंधुराया...”

श्वासाएवढी जागा गेली. मग, त्याच घुमत्या सुरात: “काय, अर्थ लागला का?”

निवेदिता मटकन स्टुलावर बसली. डोळ्यांना धार लागली होती आणि ओठ हसत होते. “बघा, कसा वस्ताद! माफी मागितली नाही, मागायला लावली नाही. नुसतं विचारलं. लागला रे दादा, लागला.” तिनं आवाज पेटीत उतरवून घेतला आणि बास पोटाशी धरला. “द्या आता डाख. मला वाजवायचाय.” तिनं तो परत टेबलावर ठेवला.

शमीमनं तोंड उघडलं आणि मिटलं. बास दोघींच्या मधे होता, हातभर अंतरावर. तिच्या तोंडचा आणखी एक शब्दही त्यात पडायला नको होता. आणि न बोलावं, तर ही पोरगी जन्मभर एका कारागिरणीच्या सवयीला भावाचे बोल समजून उराशी धरील. धरू दे की. सुखात तर आहे. कुणाचं काय बिघडतं?

दुसरी ओळ श्रीरंगनं रचली होती आणि ती शमीमच्या विचारण्यानं पुसली गेली होती, हे बिघडत होतं.

डाख देण्याच्या कावियाचं टोक तापलं. तिनं डाख नेटका दिला. पट्टी बसवली. तारांवर तळवा ठेवला, तशी गुणगुण एकदम थांबली. खोली इतकी शांत झाली, की निवेदितानं दचकून वर पाहिलं.

“काय झालं, आपा?”

“अर्थ लागला, बाई,” शमीम म्हणाली. “आता खरं सांगते. मघाशी विचारलं ते दादानं नव्हतं.”