पाठीचं माप

त्या दुकानात तिने पहिलं पाऊल टाकलं ते दारातल्या पुतळ्याला मिठी मारूनच. उंबऱ्यावर तोल गेला, हाताला कोट घातलेला कापडी पुतळा लागला, आणि ती त्याला घट्ट धरून उभी राहिली.

"सोडा त्याला, बिचारा लाजाळू आहे," शिलाई मशीनमागून आवाज आला.

टेलर मास्तर म्हणजे नाकावर चष्मा घसरलेला कुणीतरी म्हातारा, अशी तिची समजूत. हा तर तिच्याच वयाचा, गळ्यात टेप, आणि हसू दाबून दाबून लाल झालेला... ती लाजेने अर्धमेली झाली. मागोमाग आई आली, "मास्तर, हिच्या मावसबहिणीचं लग्न आहे, जरा बरा ड्रेस शिवा," म्हणाली, आणि मापं सुरू झाली.

"सरळ उभ्या राहा बरं."

"सरळच उभी आहे मी."

तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार होता. फुप्फुसांत चिकट कफ साचायचा, खोकून खोकून पाठीला बाक आलेला, खाल्लेलं अंगी लागायचं नाही आणि हाडं भलतीच नाजूक. भाऊ तर तिला काडीच म्हणायचा. कुठलाही ड्रेस तिच्या अंगावर मागून वर चढायचा आणि पुढून लोंबायचा. नीट बसणाऱ्या ड्रेसची आशा तिने कधीच सोडून दिली होती.

त्याने काही विचारलं नाही. टेप मानेपासून कमरेपर्यंत पुन्हा एकदा फिरला, इतकंच. पण तो ड्रेस घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा... मागची आणि पुढची किनार अगदी एका रेषेत! पाठीचं कापड त्याने गुपचूप लांब कापलं होतं. तिचा जीव जडला तो तिथेच.

मग काय, कधी बटण तुटू लागलं, कधी बाही घट्ट होऊ लागली.

"हे बटण तुम्हीच तोडलंय," तो एकदा म्हणाला.

"कशावरून?"

"कात्रीने कापलेला दोरा आम्हाला कळतो."

"मग नका लावू."

"लावतो हो. पुढच्या आठवड्यात कुठलं तोडणार, तेवढं सांगून जा."

ती हसत बाहेर पडली, पण वळणावर ते हसू मावळलं. पाठीचं कापड लांब केलं ते का – कीव आली म्हणून? कीव तिला आजवर ढिगाने मिळाली होती. त्याच्याकडून तिला ती नको होती.

आता त्याच्यासमोर जायचं तर ताठ होऊनच, असं तिने मनाशी पक्कं केलं. इस्पितळातल्या व्यायामाच्या ताई कधीच्या मागे लागल्या होत्या – पाठीचे स्नायू बळकट कर, तोल सांभाळायला शीक, श्वासालाही बरं. ती भिंतीला पाठ टेकवून हात वर-खाली करू लागली, रबरी पट्टा ओढू लागली, मऊ गादीवर डोळे मिटून एका पायावर उभी राहू लागली. डोळे मिटले की तोच दिसायचा, आणि ही धपकन बाजूला.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" ताई विचारायच्या. ती काय सांगणार कपाळ!

सगळा हिवाळा ती दुकानात फिरकली नाही. मागच्या गल्लीने जायची, जिथून मशीनची घरघर ऐकू यायची पण तो दिसायचा नाही. थोडं थांबायची... आणि पुढे जायची. त्या वेळी छातीत जे दुखायचं, ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं.

हवेत ऊब आली तशी ती गेली. न अडखळता, ताठ मानेने. तो बघतच राहिला. मग उठून त्याने कपाटातून एक निळा ड्रेस काढला.

"कुणी सांगितला होता?"

"कुणी नाही... तुम्ही येईनात, मग शिवत बसलो."

पडद्याआड जाऊन ती तो घालून आली. पाठीवर कापडाचा झोळ पडला होता आणि किनार मागून लोंबत होती.

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. माप न घेता शिवला. जशा आठवत होतात तशा..."

"वाकलेली?"

"हो," तो म्हणाला. "रोज तशाच आठवत होतात."

ती ज्याच्यासाठी हिवाळाभर सरळ होत होती, तो हिवाळाभर त्या वाकलेल्या मुलीचीच वाट बघत होता. ही कीव नव्हती. कीव आलेला माणूस असा कुणी न सांगता शिवत बसत नाही.

"ऐका," ती म्हणाली, "हा आजार जात नाही. मी पुन्हा वाकेन कदाचित. किती वर्षं आहेत हातात, तेही कुणी सांगत नाही... ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "मापं बदलत राहतील. मी घेत राहीन... तुम्ही यायचं मात्र थांबवू नका."

तिने होकारार्थी मान हलवली.

"द्या, पाठ उसवून नीट करतो."

"नको," म्हणत ती तसाच ड्रेस घालून निघाली.

घराच्या दारातच आईने तिला मागून पुढून निरखलं. "अगं, मास्तरांनी पार वाट लावली की पाठीची! उद्याच्या उद्या परत दे."

"उद्या तेच येणार आहेत," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलायला."