चिमणाबाईंनी निवडलेला घास

या, असं पुढं सरकून बसा. भिंतीला टेकू नका. टेकलं की डोळा लागतो, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. एका मुक्या जिवाच्या घासाची गोष्ट आहे. ऐकून पुण्य लागेल. भीती वाटली तर माझा इलाज नाही.

सन २००१. कसबा बावड्यात गणपतराव राहायचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस, डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानायचा नाही. गळ्यात तुळशीची माळ, मासळीचा वाससुद्धा वर्ज्य. मुलगा आदर्श मालवाहू जहाजावर नोकरीला. श्रावण सरल्यावर निघताना त्यानं खाऱ्या पाण्याची काचपेटी आणि त्यातला एकुलता एक मासा वडिलांच्या हवाली केला. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे.

"आप्पा, शिमग्यापर्यंत एवढा जगवा."

गणपतरावांनी शब्द दिला. शेजारच्या केरबाकडून राधानगरी धरणातली मासळी बारीक करून घेतली आणि तोंडानं नाम घेत पाण्यात सोडली. ताजं ते चांगलं, असं आपण कोल्हापूरकर मानतोच. पंधरा दिवसांत माशाचा रंग उडाला, पोट खपाटीला गेलं.

मग नाकाला उपरणं लावून ते मासळी बाजारात गेले. कोपऱ्यावर चिमणाबाई बसायच्या. नवरा होडीसकट समुद्रात बुडाला, तेव्हा देवगडाकडून घाट चढून त्या इकडं आल्या, त्या परत गेल्या नव्हत्या.

"माळकरी आन् हितं? वाट चुकला काय, पावणं?"

गणपतरावांनी सगळं सांगितलं. बाईंचं हसू थांबलं.

"धरणातलं गोडं मासं समुद्राच्या जिवाला? ते त्येच्या अंगी लागायचं न्हाई. त्येला त्येच्या घरचं द्या की!"

त्यांनी कोळंबी सोलली, माकुलाची, म्हणजे त्या लिबलिबीत नळ-माशाची, पांढरी पट्टी घेतली, तिसऱ्यांचे शिंपले उघडले. सगळं धुऊन तांदळाएवढे तुकडे केले. "एक दिस ह्ये, एक दिस त्ये. तुमी रोज नुसती आमटीच भुरकताय व्हय? आन् चिमूटभरच द्या. उरलं तर काढा, पानी नासतंय. हात लावू नका, चमचा घ्या."

काय ते हात! ज्ञान पोथीतच असतं असं नाही हो. आठवड्याभरात मासा निखाऱ्यासारखा फुलला.

त्यानंतर काचेवर ओली रेघ दिसू लागली. पाणी सकाळी बोटभर खाली, दुपारी पुन्हा जागेवर. गळती कुठंच नव्हती. गणपतरावांनी कागदाची पट्टी चिकटवून वेळा टिपल्या. ओहोटी रोज पाऊण तासानं पुढं सरकत होती. अमावास्येला पाणी चार बोटं उतरलं आणि कोपऱ्यातली उंच वाळू उघडी पडली.

बाजारात त्यांनी हे सांगितलं, तशी बाईंची सुरी थांबली.

"वाळूत काय दिसलं?"

गणपतराव खोटं बोलत नसत. "पाऊल. पुरुषाचं. गव्हाच्या दाण्याएवढं. पोथीचं भिंग लावून बघितलं. काचेकडं येत होतं."

"डाव्या पायाला करंगळी न्हाई न्हवं?"

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बाई, उद्यापासून हे खाणं बंद करतो. पाणी हलायचं थांबेल."

"आन् मासा?"

गणपतराव पिशवीची घडी घालू लागले.

"मुक्या जिवाला उपाशी ठिवून मला राखताय व्हय?" त्या पुन्हा कापू लागल्या. "हाका मारून दमला असंल माझा धनी. घ्या, आज तिसऱ्या चांगल्या हायत."

दुसऱ्या दिवशी त्यांची जागा रिकामी होती. खोलीचं दार सताड उघडं, उंबरा ओला.

गणपतराव घरी आले. मासा मजेत पोहत होता.

पाणी उतरलं होतं.

वाळूत आता दोघांची पावलं होती. काचेकडून आत जाणारी.

त्यांनी भिंग धरलं.

चिमणाबाईंच्या पायांची बोटं इतकी वर्षं मोकळी होती, सगळ्या बाजारानं बघितलेली. वाळूत मात्र धाकट्या पावलाच्या दुसऱ्या बोटाशी जोडव्याचा ठसा उमटला होता.

पुढं तो माळकरी माणूस स्वतः बाजारात उभा राहून कोळंबी, माकुल, तिसऱ्या निवडायला शिकला. शिमग्याला आदर्श आला, तेव्हा मासा तसाच केशरी होता.

तेवढं एक करा. उद्या जेवायला बसाल, पहिला घास उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि चिमणाबाईंची आठवण काढा.