दुसऱ्या लेखकाची झोप

त्या काळी वहिनींचं ऑफिस शिंप्याच्या दुकानावर होतं. खालची मशीन चालू असली की वरचं टेबल थरथरायचं. वहिनी खाजगी तपास करायच्या. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, सगळ्यांचे भाऊजी.

त्या दिवशी एक बाप मुलीला घेऊन आला.

"हिने इंग्रजीत कॉपी केली म्हणतात. वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत. वर्ष जाईल हो."

मुलगी भिंतीकडे बघत होती. आई नुकतीच गेलेली. तेव्हापासून ही अशीच, बाप म्हणाला.

दोन उताऱ्यांची तुलना करा, असा प्रश्न होता. हिचं आणि मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर शब्द न् शब्द सारखं: शांततेने पहिल्या लेखकाला झोप लागते, दुसऱ्याची उडते.

"पहिला उतारा कशाचा होता गं?" वहिनींनी विचारलं.

"घड्याळाचा. ते बंद पडतं. लिहिणाऱ्या माणसाला बरं वाटतं."

"आणि दुसरा?"

"दीपगृहाचा."

"कॉपी केलीस?"

"नाही."

भाऊजी कुजबुजले, "रडत कशी नाही ही?"

"रडायला काहीतरी वाटावं लागतं, भाऊजी."

शाळेत इंग्रजीचे सर तावातावाने म्हणाले, "मी कॉपीला वाव ठेवतच नाही. पुढच्याला पांढरा पेपर, मागच्याला पिवळा. उतारे तेच, मांडणी वेगळी. पण तुलनेचा प्रश्न दोन्हीकडे एकच, तिथे हिने डाव साधला. तो मुलगा वर्गात पहिला. ही तोंडही उघडत नाही. असलं वाक्य हिला सुचेल?"

मुलगा ऐटीत होता. "तीच मागे वळत होती."

"पेपर अवघड होता का रे?"

"छे! सुरुवातीलाच दीपगृहाचा उतारा. लाटा थांबतात, लिहिणारा राखणदार घाबरून जागा राहतो. एकदम सोपा!"

जिन्यात भाऊजी म्हणाले, "पोरगं हुशार आहे हं. धडाधड बोललं."

"बोललं म्हणूनच सापडलं."

दुसऱ्या दिवशी सगळे ऑफिसात जमले. वहिनींनी दोन्ही रंगांचे पेपर टेबलावर ठेवले.

"सर, मुलीच्या पांढऱ्या पेपरात आधी घड्याळ, मग दीपगृह. पहिल्याला झोप लागते, दुसऱ्याची उडते. बरोबर. पिवळ्यात दीपगृह आधी. म्हणजे या मुलाने लिहिलं, की घाबरलेल्या राखणदाराला झोप लागते! उतारा तर त्याला नीट कळला होता, कालच त्याने सांगितला. स्वतः लिहिलं असतं तर उलट लिहिलं असतं. पुढच्या बाकावरून उचललं, म्हणून 'पहिला' आणि 'दुसरा' तसेच राहिले."

मुलाने मान खाली घातली.

सर चाचरले. "पण मी दोन्ही उत्तरं ताडून पाहिली होती..."

"एकमेकांशी. उताऱ्यांशी नाही."

सरांनी मुलीचं नाव परीक्षेच्या यादीत परत घालायचं कबूल केलं. बापाने डोळे पुसले. मुलीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

भाऊजींना राहवलं नाही. "बाळ, ते वाक्य सुचलं तरी कुठून?"

"आई खूप खोकायची," ती म्हणाली. "खोकला थांबला त्या रात्री मला झोप लागली. मग परत नाही लागली."

खालची मशीन थांबली होती.

बाप दप्तर उचलून मुलीसोबत जिना उतरू लागला. मधल्या पायरीवर तो उगाचच खोकला.

मुलीने झटकन वर पाहिलं आणि त्याचा हात धरला.