एकशे चौदा पगार

"आत वातावरण कसं आहे?" बाकावर शेजारी बसलेल्या तरुणानं कुजबुजत विचारलं. "तुम्हीही पगाराच्या कामासाठीच ना?"

मालकीणबाईंच्या खोलीबाहेर ती सहीसाठी थांबली होती. पगाराच्या कामासाठी तर होतीच. तिनं मान हलवली.

"इथली हिशेबनीस फार खडूस आहे म्हणे. बेचाळीस प्रश्न लिहून पाठवलेत. बेचाळीस! सोयरीक जुळवायचीय की काय?"

"त्रेचाळीस," ती म्हणाली. "शेवटचा मागच्या पानावर होता."

त्याचे कान लाल झाले. मग त्यानं शांतपणे पान उलटलं. "तो... आत्ताच वाचतो."

एरवी ती हसली असती. पण महिनाभर तिला हसू सुचत नव्हतं. चष्म्याच्या काचा बनवणारी ही कंपनी तिच्या आत्याची. अठरा माणसं होती तेव्हापासून सगळ्यांचे पगार ही हिशेबनीस भाचीच काढायची. आता माणसं झाली एकशे चौदा, वर रात्रपाळी. आणि गेल्या वर्षी तिच्या हातून नावांचा रकाना एक ओळ वर सरकला, आकडे जागीच राहिले. प्रत्येकाला शेजारच्याचा पगार. दोन दिवसांत सगळं निस्तरलं, पण काच घासणारा एक जुना कामगार दारात उभा राहून म्हणाला होता, "ताई, माझं काही चुकलं का?" ते वाक्य तिला अजूनही जेवताना आठवायचं.

"पगाराचं काम आपण बाहेर देऊ," आत्यानं सांगितलं होतं. "कुणाला द्यायचं ते तू ठरव. मी डोळे मिटून सही करते."

झालं! आपण चुकू ही भीती गेली, आणि चुकीच्या हाती काम देऊ ही आली.

तिनं तीन कंपन्यांची चाचणी लावली. मागच्या महिन्याची नुसती हजेरी आणि दर त्यांना द्यायचे, त्यांनी पगार काढायचे, आणि ते तिच्या पगारपत्रकाशी ताडून पाहायचे. बाकीचे दोघे फोनवर शंका विचारत. तिसरीचा, म्हणजे बाकावरचा तो 'पगारवाला' मात्र दिवसाआड स्वतः यायचा.

"रात्री दहाला आलेला माणूस सकाळी सहाला जातो. त्याची हजेरी कुठल्या तारखेची?"

"आला त्या तारखेची."

"आणि मध्येच पहिली तारीख उजाडली तर?"

तिनं चमकून पाहिलं. हा प्रश्न आजवर फक्त तिलाच पडला होता.

बोलता बोलता तो शर्टाच्या टोकानं चष्मा पुसू लागला. काचेच्या कारखान्यात! तिनं न बोलता मऊ फडकं पुढे सरकवलं. घेताना त्याची बोटं क्षणभर थांबली...

"एक विचारू?" तो म्हणाला. "प्रश्न विचारलात, की उत्तर येईपर्यंत तुम्ही श्वास रोखता. माहीत आहे तुम्हाला?"

"तुम्ही हजेरीकडे लक्ष द्या," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की श्वास खरंच रोखलेला होता.

निकाल आले. पहिल्या कंपनीच्या अकरा चुका. दुसरीच्या सहा, पण आकडा तसा का धरला याचं कारण त्यांनीच प्रत्येकीपुढे लिहून दिलेलं. पगारवाल्याचे एकशे चौदाही पगार पै न् पै जुळले.

"आकडेच जुळले ना गं?" आत्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"आत्या!"

करार दुसऱ्या दिवशी अकराला व्हायचा होता. तो नवालाच आला. दाढी वाढलेली, हातात बॅगसुद्धा नाही.

"सही करू नका," तो उभ्यानंच म्हणाला.

तिनं मान वर केली. "का?"

"आमच्या यंत्रणेला तुमची रात्रपाळी जमत नाही. तिनं एकोणीस पगार चुकवले होते. ते मी... हातानं काढले. तीन दिवस बसून."

"का?" तिनं पुन्हा विचारलं.

"तुम्ही ताडून पाहायला बसणार, आणि पहिलीच ओळ चुकलेली दिसल्यावर तुमचा चेहरा कसा होईल... ते मला बघवलं नसतं."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"स्वतःला सांगत होतो, तेव्हाही हातानंच करीन."

"आणि तुम्हाला ताप आला असता तर?" ती ताडकन उठली. "एकशे चौदा घरं आहेत त्या कागदावर! माझा चेहरा कसला सांभाळता?"

"म्हणूनच आलो," तो खाली बघत म्हणाला. "साहेबांना सांगून आलोय. त्यांचा काय भडका उडालाय, विचारू नका."

शेजारच्या खोलीत काच घासायची यंत्रं सुरू झाली. मग तिनं दुसऱ्या कंपनीची फाइल ओढली, सहा चुका आणि त्यांची सहा कारणं पुन्हा वाचली, आणि फोन उचलला. "काम तुम्हाला देतोय. आधी दोन महिने मात्र माझ्या पगारपत्रकाशी ताडून पाहीन... हो, दोन्ही महिने."

तो दाराशी पोचला होता.

"थांबा," ती म्हणाली. "आमचं काम आता तुमच्याकडे नाही."

"ठाऊक आहे."

"म्हणजे इथं यायला तुम्हाला काही कारण उरलं नाही."

"...नाही."

तिनं फाइल मिटली.

"मग उद्या संध्याकाळी या. कारण नसताना."