पाठमोरी माणसं

मंगळवार, २३ ऑक्टोबर १९७३. सकाळी सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ४१७ नंबरचं कार्ड घड्याळात पंच झालं.

पिंपरीच्या त्या कारखान्यात फाटकाशेजारी टाइम ऑफिस होतं आणि तिथल्या खिडकीशी ज्योतीराम बसायचा. कामगार आत जाताना रॅकमधलं आपलं कार्ड काढून घड्याळात सरकवायचा. खट्ट आवाज व्हायचा आणि 'इन'च्या रकान्यात तारीख, वेळ उमटायची. सुटताना 'आउट'. पंधरवडा संपला की नवं कार्ड. एखाद्याचं आउट राहिलं तर त्याला शोधून काढल्याशिवाय ज्योतीराम घरी जात नसे. आत गेलेला माणूस बाहेर आला पाहिजे, एवढंच त्याचं काम होतं आणि ते तो अकरा वर्षं चोख करत आला होता.

जुनी कार्डं तो कॉलनीतल्या सरूबाईंना द्यायचा. सरूबाई मूळच्या महाळुंग्याच्या. नवरा गेल्यापासून त्या खोलीत बसून चित्रं काढायच्या आणि कार्डांच्या कोऱ्या बाजूवर रंगकाम करून सणावाराला शेजाऱ्यांना वाटायच्या. भिंतीवर पूर्वी गावची विहीर असे, बैल असत. त्या पावसाळ्यापासून मात्र सगळ्या चित्रांत एकच देखावा येऊ लागला होता: कारखान्याचं फाटक आणि आत जाणारी पाठमोरी माणसं. ज्योतीराम पाठीवरून माणसं ओळखायचा. शेवटच्या चित्रात, खांद्याला निळं ठिगळ लावलेला शर्ट त्याच्या धाकट्या भावाचा, चिमाजीचा होता. चिमाजी प्रेस शॉपला होता. त्याचा नंबर ४१७.

रविवारी, १४ तारखेला, धम्मचक्र दिनाचं म्हणून सरूबाईंनी त्याला कार्ड दिलं. हिरवं पिंपळपान, त्यावर बारीक शिरा. ज्योतीरामने सवयीने ते उलटून पाहिलं.

नंबर ४१७. पहिला पंच १६ तारखेचा. म्हणजे अजून न उजाडलेल्या परवाचा.

"सरूबाई, हे कार्ड कुठून आलं?"

"तुमीच दिलंत की भाऊ. तुमच्याच गठ्ठ्यातलं हाय."

ऑगस्टनंतर त्याने एकही कार्ड दिलं नव्हतं. जुनं असेल, मागच्या वर्षीचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग त्याला सतरा तारखेतला सात दिसला. खालचा पाय तुटलेला. शुक्रवारी घड्याळ हलवताना आपटलं होतं आणि सात तसा उमटायला लागून दोनच दिवस झाले होते.

सोळा ते बावीस, मधला रविवार सोडून, सगळी इन-आउट होती. तेवीसला इन ६:४७. आउट कोरं.

सोमवारी त्याने कुलपातला नवा गठ्ठा सोडला. ४१७चं कार्ड त्यात होतं, पूर्ण कोरं. मंगळवारी सकाळी चिमाजीने ते पंच केलं आणि ज्योतीरामने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. ६:५२. दोन्हींवर ६:५२.

गुरुवारी पिंपळपानाच्या कार्डावर ६:५८ होतं. चिमाजी पावणेसातलाच आला, म्हणून ज्योतीरामने त्याला लगेच पंच करायला पिटाळलं.

"थांब की दादा, चप्पल तुटलीय," म्हणत चिमाजी फाटकाबाहेर खिळा ठोकत बसला. आत आला तेव्हा ६:५८ झाले होते.

सोमवारी संध्याकाळी ज्योतीराम त्याला म्हणाला, "उद्या रजा टाक. तळेगावला मावशीकडे जाऊन ये."

"केसरमावशीला काय झालं?"

"काही नाही. जाऊन ये."

"टाइमकीपर सांगतोय रजा टाक! राव, तुला ताप आलाय का?" चिमाजी हसला. पण भावाचं तोंड बघून त्याने रजेचा अर्ज लिहून दिला.

मंगळवारी पहाटे ज्योतीरामने त्याला स्वतः गाडीत बसवलं. गाडी सुटून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो फलाटावर उभा होता. मग कामावर आला.

फर्स्ट शिफ्टची गर्दी होती. तो रजेचा अर्ज नोंदवत असताना जवळच खट्ट वाजलं. त्याने मान वर केली. ४१७चं कार्ड रॅकमध्ये परत जाऊन नुकतंच स्थिर होत होतं.

दुसऱ्या कुणी चिमाजीची हजेरी लावली असणार. त्याने फाटकावरच्या सोनबाला विचारलं.

"चिमाजीच व्हता," सोनबा म्हणाला. "निळं ठिगळ. म्या हाक मारली, त्यानं मागं बघितलं न्हाई."

प्रेस शॉपमध्ये चिमाजीचं मशीन बंद होतं. कुणी त्याला पाहिलं नव्हतं. ज्योतीरामने स्टोअर बघितलं, भट्टीमागची जागा बघितली, संडास बघितले.

संध्याकाळी चिमाजी धडधाकट परत आला. हातात मावशीने दिलेला चिवडा. "हजेरी लागली म्हणतोस? मग रजा कशाला कापतोस, दादा?"

त्या दिवशी आत गेले सहाशे बारा. बाहेर आले सहाशे अकरा.

आठवड्याने तो सरूबाईंकडे गेला. भिंतीवर नवं चित्र होतं. प्रेस शॉपच्या दारातून दिसणारं फाटक आणि लांबवर टाइम ऑफिसमध्ये पाठमोरा बसलेला एक बारीकसा माणूस.

"हे आतून काढलंय. तुम्ही आत कधी गेलात?"

"म्या कशाला जाऊ?" सरूबाई ब्रश धूत म्हणाल्या. "आता आतनं दिसतंय, भाऊ."

चिमाजीला नवा नंबर मिळाला. तो नोकरीत आहे, त्याला दोन मुलं आहेत.

दर १४ ऑक्टोबरला सरूबाईंचं कार्ड येतं. पिंपळपान त्यांनी सोडून दिलं. आता कार्डावर तो पाठमोरा माणूस असतो, दर वर्षी थोडा मोठा. मागच्या बाजूला ४१७, तारीख २३, इन ६:४७.

१९७८ साली ज्योतीरामने खुर्ची भिंतीला लावून घेतली. भिंत आणि त्याची पाठ यांत आता बोटभरही जागा नाही.

यंदाच्या, १९८२च्या कार्डावर माणूस मावलेला नाही. फक्त कॉलर आहे आणि मान. मानेवर, केसांच्या कडेला, एक तीळ.

ज्योतीरामने बायकोला, कस्तुराला, आपल्या मानेवर बघायला सांगितलं. तिने बोटाने केस बाजूला केले.

"आहे की," ती म्हणाली.

कार्डाचा आउटचा रकाना कोरा आहे.