पाळीतली तांबडी कडी

तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, उतरताना रुचिताचा पाय घसरला आणि ती ओल्या मातीत जाऊन बसली. तिच्या धाकट्या भावाला, अश्विनला, हसू आवरेना. त्यांचा गावातला मित्र भूपेश मात्र हसला नाही. बोडीत, म्हणजे त्या लहानशा तलावात, मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. भूपेशच्या बाबांनी, भैयालालनी, झटपट मासे धरायला पाण्यात विष टाकलं, असं सारं आंधळगाव म्हणत होतं. संध्याकाळच्या सभेत त्यांची मासेमारी बंद होणार होती.

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आलेल्या रुचिताला हे पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणून भागणार थोडंच होतं?

"उठ ना ताई, काय पाहून राहिली?" अश्विनने विचारलं.

तिचा पाय घसरला तिथे मातीचा थर निघून आला होता. आत तांबडी कडी दिसत होती, एकात एक, परकाराने वर्तुळं काढावीत तशी.

शाळेत बाईंनी एक रसायन मिसळलेल्या घट्ट खळीत दुसऱ्या रसायनाचा थेंब टाकून ठेवला होता, ते तिला आठवलं. काही दिवसांनी थेंबाभोवती अशीच कडी उमटली होती. दोन रसायनं झिरपत एकमेकांना भेटली की एक कडं साकळतं, मग थोडी मोकळी जागा, मग पुढचं. थेंबाजवळ ती दाट असतात आणि दूर जाता जाता विरळ होतात.

"भूपेश, पाळीकडे कडी दाट आहेत अन् पाण्याकडे विरळ," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे हे पाण्यातून नाही आलं. पाळीतून पाण्यात गेलं."

भूपेशने धावत जाऊन फावडं आणलं. थोडं उकरताच तडकलेला प्लास्टिकचा डबा दिसला आणि नाकाला झोंबणारा वास आला. भूपेशला तो उपसून थेट सभेत न्यायचा होता. रुचिताने त्याला मागे ओढलं. हात भाजला असता, शिवाय कडी मोडली असती तर पुरावाच गेला असता.

तिने अश्विनला सरपंच सत्यवतीबाईंकडे पिटाळलं. त्यांच्यामागोमाग गाव लोटलं. डबा पाहून लोखंडी फाटकं बनवणारा केवळराम खाली मान घालून पुढे आला. लोखंडाचा गंज काढून उरलेलं तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, त्यानेच पुरलं होतं.

"मले वाटलं, माती पिऊन घेईल," तो पुटपुटला.

सत्यवतीबाईंनी गुरांना पाण्यावर सोडू नका म्हणून बजावलं. डबा नीट काढवून बोडी साफ करायचं काम त्यांनी केवळरामवर टाकलं. मग त्या रुचिताकडे वळल्या. "आम्ही सारे पाण्याकडेच पाहून राहिलो होतो पोरी. तू मातीकडे पाहिलं. शाबास."

इतके दिवस घराबाहेर न पडलेले भैयालाल पाळीवर आले. लोकांनी त्यांना वाट दिली. भूपेशच्या खांद्यावर हात ठेवून ते त्या कड्यांसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे कोणी काढलं तर नाही ना?" त्यांनी रुचिताला विचारलं.

"नाही काका. आपोआप झालं."

"मासे मारले यानं पोरी," ते हळूच म्हणाले, "पण किती सुरेख."