समोरच्या कोपऱ्यातून

दार ओढून घे, मार्तिना. धुकं आत येतंय. नेरिओची गोष्ट हवी ना? ऐका मग. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी या बोलोन्यात फरशा बसवल्या. तो बढाया मारायचा, पण खोटं बोलायचा नाही.

दोन नोव्हेंबर, मंगळवार. मृतांचा दिवस. सगळे कबरस्तानातून फुलं वाहून परतले होते. नेरिओची बायको इल्दे महिनाभर अंथरुणाला खिळलेली. वाचणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधाच्या थेंबांनी श्वास सोपा जायचा, एवढंच. रात्री अकराला बाटली संपली. शेजारची आर्जा उशाशी बसली आणि नेरिओ मोठ्या चौकाकडे निघाला. तिथलं औषधाचं दुकान रात्रभर उघडं असतं.

इल्दे म्हणाली, "लवकर ये. मी जाताना तू हवास."

"कुठे चाललीस? न्हाणीघराच्या फरशा राहिल्यात अजून."

"तू नि सान पेत्रोनिओ," ती म्हणाली, "दोघंही अर्धवट."

हा तिचा जुना टोमणा. चौकातल्या त्या देवळाला खाली संगमरवर, वर नुसत्या विटा. सहाशे वर्षं कुणी पुरं केलं नाही.

बाटली मिळाली. धुक्यात नेपच्यूनच्या पुतळ्याचा त्रिशूळही दिसत नव्हता, नुसतं कारंज्याचं पाणी ऐकू येत होतं. नेरिओ जवळची वाट धरून पोदेस्ताच्या, जुन्या नगराधिपतीच्या, महालाखालच्या कमानीत शिरला. तिथले चार कोपरे तुम्हाला ठाऊकच आहेत. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की तिरप्या समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. म्हणतात, महारोग्यांचे कबुलीजबाब पाद्री असेच लांबून ऐकायचे.

तिथेच नेरिओनं इल्देला लग्नाचं विचारलं होतं. पाठमोरं उभं राहून. समोरचा 'वळ' म्हणेपर्यंत वळायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तेव्हापासून कमानीतून जाताना तो कोपऱ्यात तोंड घालून म्हणायचाच, "इल्दे, मी आलो." त्या रात्रीही सवयीनं म्हणाला.

भिंतीतून उत्तर आलं.

"किती उशीर."

"प्रतिध्वनी असेल, ओलिंदोकाका."

प्रतिध्वनी आपलंच बोलणं परत देतो, मार्तिना पोरी. दुसऱ्याचं नाही.

"इल्दे? उठलीस कशी तू? वळू का?"

"नको. तू नि सान पेत्रोनिओ..."

आवाज तिचाच. टोमणाही तिचाच. नेरिओचे ओठ भिंतीला टेकलेले. भिंत ओली, गार.

खिशात फोन थरथरला.

"घेऊ नकोस."

फोन थांबला. पुन्हा थरथरला.

"इल्दे, घरी जाऊ दे मला."

"थांब."

तो थांबला. फोनही थांबला. मग बराच वेळ... काहीच नाही. कारंजंसुद्धा नाही.

"वळ आता."

वळला. समोर रिकामा कोपरा.

धावत घरी आला, तर आर्जा दारातच. "होतास कुठे? दोनदा फोन केला. तुझं नाव घेत घेत गेली रे ती."

बारा वाजायला दहा मिनिटं होती.

आर्जानं मला बोलावून घेतलं. साडेबाराला पोचलो. नेरिओ पलंगाशी बसलेला, मुठीत बाटली, झाकण न उघडलेलं. म्हणाला, "ओलिंदो, तिनंच थांबवलं का मला? की तिचा आवाज घेऊन... दुसऱ्याच कुणी?"

पुढे तीन वर्षं, मरेपर्यंत, भेटेल त्याला तो हेच विचारत राहिला. त्या कमानीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. न्हाणीघर तसंच राहिलं.

एक गोष्ट मात्र मी त्याला कधी सांगितली नाही.

त्याच्या ओठांना कमानीच्या भिंतीचा चुना लागला होता. मी चादर नीट करायला इल्देवर वाकलो. तिच्याही ओठांवर पांढरं होतं. बोट लावून पाहिलं. चुना. ओला.

मला वाटलं, नेरिओनं तिचा मुका घेतला असेल. आर्जाला हळूच विचारलं.

आर्जा म्हणाली, "नेरिओ यायच्या आधीपासून आहे."